सातची की नऊ-तीनची

राफ्को दारातून आत आला आणि सवयीने म्हणाला, "भली नजर." म्हटलं खरं, आणि लगेच जीभ चावली.

आमच्या कोचेव्येच्या रानात शिकारी शिकाऱ्याला भेटला की हेच म्हणतो. मचाणावर चढताना म्हणायचं, उतरताना म्हणायचं, लग्नात म्हणायचं, मयतीलाही म्हणायचं. राफ्को आणि त्याचा भाऊ विन्को, या दोघांनी पन्नास वर्षांत ते किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. पण आज स्वयंपाकघरात पाव्लाच्या हातातला डाव सूपमध्ये तसाच थांबला. मग बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा, विन्कोचा आवाज आला, "भली नजर. बूट पूस आधी." तेव्हा ती पुन्हा ढवळायला लागली.

रविवारचं जेवण तिला कधी जड गेलं नव्हतं. सूप, भाजलेले बटाटे, हरणाचा रस्सा, वर अक्रोड भरलेला गोड पाव, पोतीत्सा; झोपेतसुद्धा केलं असतं तिने. पण गेले सोळा दिवस या घरात एकच विषय होता, आणि तो सगळा वरवरचा होता. बारकी गोळी, मोठी गोळी, जड गोळी, हलकी गोळी. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या गप्प बसण्याचाही तिला कंटाळा आला होता.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी विन्कोने बाटली उचलली होती आणि वाइन पेल्याच्या शेजारी, सरळ टेबलक्लॉथवर ओतली होती. तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. तेव्हापासून त्याचा पेला तीच भरते. नवरा-बायकोचं या विषयावरचं बोलणं एवढंच.

"आई, किती वेळ?" बोरुतने विचारलं. तिचा मुलगा. ल्युब्ल्यानाहून सकाळीच गाडी हाणत आला होता, आणि आल्यापासून एक कागद टेबलावर पसरून बसला होता.

"भूक लागलीय की घाई झालीय?"

"दोन्ही."

"मग कागद उचल. ताट ठेवू दे."

कागद त्याने उचलला नाही, नुसता बाजूला सरकवला. बापाच्या पंचाहत्तरीला नवी रायफल द्यायची, तीही बंदुकांसाठी नावाजलेल्या बोरोव्ल्येच्या कारागिराकडून मापाने करवून घेतलेली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. स्वतः तो शिकारी नव्हता. लहानपणी एकदा मचाणावर झोपला आणि खाली पडला, तेव्हापासून त्याने रानाचं नाव टाकलं. बापाला खूश करायची संधी त्याला फार वेळा मिळाली नव्हती, म्हणून ही मिळाल्यावर तो सोडायला तयार नव्हता.

राफ्कोने खांद्यावरची लांब पिशवी उतरवली, स्वतःची रायफल काढली, बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, काढून खिशात टाकला आणि ती घर तापवणाऱ्या भट्टीच्या बाकावर आडवी ठेवली. तिथे विन्कोची जुनी रायफल आधीच होती; राफ्कोच्या नळीचं तोंड नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरचं, हिचं सातचं. सातची. चाळीस वर्षांची, दस्त्याचं लाकूड हाताच्या घामाने काळं झालेलं.

"घे," राफ्को म्हणाला. "खांद्याला लावून बघ. नऊ-तीन. गोळी साडेअठरा ग्रॅमची. तुझी अकराची. अकरा ग्रॅमने हरिण पडतं, अस्वल नाही पडत. अस्वलाला गुदगुल्या होतात."

"आणि खांदा?" पाव्लाने सूपचं भांडं मध्ये ठेवलं. "याचा खांदा निखळला तर तू बसवणार का?"

"अगं वहिनी, धक्का असतो, पण मऊ असतो. ढकलल्यासारखा."

"तोफच घ्या मग. अंगणात ठेवा. अस्वल बघूनच पळेल."

विन्को हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. राफ्को मात्र सूपकडे वळला, कारण हे सगळं नाटक त्यानेच सुरू केलं होतं.

झालं होतं असं. गावच्या शिकारी मंडळाच्या वाट्याला या हंगामात एकच अस्वल आलं होतं आणि पाळी विन्कोची होती. आमिष म्हणून टाकलेल्या मक्याच्या ढिगाशी, साठ पावलांवर, आडवं उभं अस्वल. अशी गोळी विन्को रुपारने तरुणपणी डुलक्या घेत मारली असती. त्याने मारली, अस्वल ओरडलं आणि खालच्या दरीत उतरलं. पुढे दोन दिवस विन्कोची मुलगी दारिंका आपल्या ब्रीना कुत्रीला घेऊन रक्ताच्या मागावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अस्वल सापडलं. मागची मांडी फुटलेली, पोट फाटलेलं, आणि जिवंत. दारिंकाने ते संपवलं. मग मंडळाची माणसं दरीत उतरली, प्रमुख उतरले, आणि सगळे जखमेकडे बघायला लागले. खांद्यामागे लागायची गोळी हातभर मागे लागलेली. कुणी काही बोलायच्या आत राफ्को बोलला होता, "सातची गोळी अस्वलाची नव्हेच. बारकी पडते." बोलायचं म्हणून बोलला होता. भावाचा चेहरा त्याला बघवेना.

गोळी बारकी असली म्हणून हातभर मागे लागत नाही, हे दरीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पण माणसं भली. सगळ्यांनी माना हलवल्या. विन्कोनेही हलवली. आणि त्या एका वाक्यापायी आज नवी रायफल घ्यायची वेळ आली होती.

"आठ-सत्तावन्न का नको?" बोरुतने विचारलं. त्याने आठवडाभर बसून अभ्यास केला होता. "मधली आहे. धक्का कमी, गोळी जड. दुकानात म्हणाले, वयस्कर लोक हल्ली तीच घेतात."

"वयस्कर कोण?" विन्को म्हणाला.

"दुकानातले म्हणाले, बाबा. मी नाही."

"दुकानातल्याला सांग, माझा बाप आठ-सत्तावन्न वापरायचा. लढाईतून आणलेली. तिचा आवाज ऐकला की अजून मला बापाचा मार आठवतो."

"मग ती गेली," बोरुतने कागदावर रेघ मारली. "दारिंका, तू सांग. तू रोज रानात असतेस."

दारिंका सूपमधल्या शेवयांकडे बघत होती. सगळ्यांत उशिरा आली होती, आरागिरणीतून पाळी संपवून, आणि आल्यापासून चार शब्दसुद्धा बोलली नव्हती. "दोन्ही चांगल्या आहेत," ती म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

"तू विचारलंस म्हणून दिलं."

"भावाने एवढी धावपळ केली," राफ्को मध्ये पडला, "तर जरा हसून बोल की, पोरी."

"काका, तुम्ही बोलताय तेवढं पुरे आहे."

पुतणी आपल्या बाजूची आहे असं राफ्कोने धरलं होतं. ते धरणं चुकलं की काय, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

जेवण झालं. विन्को उठला, राफ्कोची रायफल उचलली, खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांवर नेम धरला. उभं राहणं अजून तेच. पाय रुंद, डावं कोपर बरगडीखाली. पण पाव्लाला दिसलं की रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावल्यावर त्याने मान एकदा किंचित डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. खिडकीच्या काचेवर मधोमध चिखल उडाला असेल तर माणूस असाच कडेकडेने बघतो. तिने दारिंकाकडे पाहिलं. दारिंकाही तेच बघत होती. मायलेकींची नजरानजर झाली आणि दोघींनी एकदमच नजर खाली घातली.

"कशी?" बोरुतने विचारलं.

"बसते खांद्याला," विन्को म्हणाला. "हीच लिही. नऊ-तीन."

राफ्कोने सुस्कारा सोडला. बोरुतने लिहिलं. नळीची लांबी लिहिली, दस्त्याचं माप लिहिलं, लाकूड अक्रोडाचं लिहिलं. मग पुढच्या ओळीवर त्याचं पेन थांबलं आणि त्याने अगदी सहज विचारलं, "बोल्ट कुठल्या बाजूला? उजवी की डावी?"

पेन त्याने खूण करायच्या तयारीत धरलं.

सोपा प्रश्न होता. बूट शिवणारा पायाचा नंबर विचारतो तसा. विन्को आयुष्यभर उजव्या डोळ्याने, उजव्या खांद्यावरून गोळी मारत आला होता, हे बोरुतलाही माहीत होतं. त्याने नुसतं खूण करायची म्हणून विचारलं होतं. मान वर केली तेव्हा आई टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत होती, काका खिडकीबाहेर बघत होता आणि बहिणीने डोळे मिटले होते.

"काय झालं?" तो म्हणाला.

"उजवी," राफ्को म्हणाला. "उजवीच की. विचारायचं काय त्यात? लिही आणि घडी घाल."

"थांब," दारिंका म्हणाली. "लिहू नकोस."

"पोरी, पोतीत्सा काप जा."

"काका, पुरे आता." तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात बळच नव्हतं. "बोरुत, मंडळाच्या मैदानाची किल्ली माझ्याकडे असते. दर उन्हाळ्यात प्रत्येकाने येऊन तीन गोळ्या कागदावर मारायच्या, मी सही करायची, मग त्याला रानात जायची मोकळीक. मागच्या वर्षी बाबा आले आणि म्हणाले, खांदा दुखतोय, तू मार. मी मारल्या. या वर्षी बाबा आलेच नाहीत. आईच्या हाती रायफल पाठवली. त्याही गोळ्या मीच मारल्या. नाव त्यांचं लिहिलं, सही माझी केली."

"खांद्यासाठी एवढं?"

"खांदा धडधाकट आहे," ती म्हणाली. "डोळा गेलाय. उजवा. मला माहीत होतं."

बोरुतने आईकडे पाहिलं. पाव्लाने मुठीतले तुकडे ताटात टाकले. "मलाही होतं," ती म्हणाली.

"काका?"

राफ्कोने नुसती मान खाली घातली.

"म्हणजे या घरात मी एकटाच मूर्ख," बोरुत म्हणाला. "तासभर मी गोळ्यांचं वजन वाचतोय, आणि तुम्ही सगळे माना डोलावताय. कुणाला वाटलं नाही सांगावं?"

"तुला सांगून काय झालं असतं?" पाव्ला म्हणाली. "इथे राहतोस का तू?"

हे तिला बोलायचं नव्हतं. निघून गेलं. बोरुत पेनाचं टोपण लावून बसला. पाव्लाला वाटलं उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, पण तीही बसून राहिली.

विन्को अजून रायफल हातात धरून उभा होता. ती त्याने बाकावर ठेवली, नीट ठेवली, आणि भट्टीला पाठ लावून बसला. इतका वेळ त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं, आणि तो ते परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तसं ऐकत होता. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. तीन वर्षं बाटली कुठे आहे, पायरी कुठे आहे, समोरच्याचं नाक कुठे आहे हे आठवून आठवून तो इतका शिणला होता की कुणीतरी बोलून टाकल्यावर त्याला नुसतं बसावंसं वाटलं.

"ते कागद," तो म्हणाला. "कसे आले होते?"

"बाबा..."

"कसे आले होते, विचारतोय."

"तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकतील."

"मागच्या वर्षी?"

"मागच्याही वर्षी."

"म्हणजे बंदूक ठीक आहे."

"बंदूक ठीक आहे, बाबा. तिला कधी काही झालंच नव्हतं."

विन्कोने मान हलवली. पुन्हा हलवली.

"मग डावी करून घेऊ," बोरुत म्हणाला. रागावला होता तरी मार्ग काढणं त्याच्या रक्तात होतं. "डाव्या बोल्टची मिळते. डाव्या डोळ्याने मारायचं. महिनाभर सराव केला की जमतं, लोक करतात. बाबा?"

"डावाही सुरू झालाय."

"काय सुरू झालंय?" पाव्ला म्हणाली.

"तेच. मधोमध धुकं. उजव्यात झालं तसंच होणार म्हणाले डॉक्टर. सावकाश, पण होणार."

"कधी म्हणाले?"

"वसंतात."

"आणि कुणाबरोबर गेला होतास तू?"

"बसने गेलो."

पाव्लाने तोंडाला एप्रन लावला. डोळ्याचं तिला माहीत होतं, बसचं नव्हतं. ल्युब्ल्यानाच्या बसवर तो एकटा चढला, एकटा उतरला, मुलाच्या घरावरून गेला असेल आणि दार वाजवलं नसेल, आणि संध्याकाळी येऊन म्हणाला असेल की लाकडाचा व्यवहार बघायला गेलो होतो. तिने त्याला त्या दिवशी बटाटे सोलायला बसवलं होतं, तेही तिला आता आठवलं.

दारिंका मात्र रडण्याच्या पलीकडे गेली होती. "वसंतात कळलं," ती म्हणाली. "मग शरदात मचाणावर का चढलात? पाळी दुसऱ्याला देता आली असती. कुणी विचारलं नसतं. दोन दिवस ते जनावर दरीत पडून होतं, बाबा. आजूबाजूची झाडं चावून ठेवली होती त्याने, तोंड पोचेल तेवढी. रिवाजाप्रमाणे मेलेल्या जनावराला शेवटच्या घासाची फांदी द्यायला मी गेले तर तोंडात आधीच फांदी होती. ते मी मंडळात कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही."

विन्कोने बाकाची कड चाचपली.

"हरिण दिसत नाही आता," तो म्हणाला. "कोल्हा तर नाहीच. मला वाटलं, एवढं मोठं जनावर, ते तरी दिसेल."

भट्टीत एक लाकूड खाली बसलं. कुणी उठून दुसरं घातलं नाही.

दारिंकाला वाटलं होतं की बोलून टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. सही तिची होती. तिने ती केली नसती तर बाप त्या मचाणावर चढलाच नसता. चार दिवस तिच्याशी बोलला नसता एवढंच. चार दिवसांच्या अबोल्याला भिऊन तिने सही केली होती, आणि त्या सहीपायी अस्वलाने दरीत दोन दिवस काढले. हा हिशेब ती सोळा रात्री करत होती आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

"बुधवारी मंडळाची बैठक आहे," ती म्हणाली. "मी उभी राहून सांगणार आहे. कागदांचं."

"किल्ली काढून घेतील," राफ्को म्हणाला. "परवानाही घेतील. वर्षभर तरी. वर मंडळाचा चिटणीस मी. तुझ्याविरुद्ध मलाच लिहावं लागेल."

"लिहा."

"अगं, झालं ते झालं. कुणी विचारतंय का तुला? प्रमुखांनीही विषय सोडून दिला."

"राफ्को," विन्को म्हणाला, "तू दरीत माझी लाज राखलीस, ते मला कळलं. सगळ्यांना कळलं. आता पुरे." मग मुलीकडे वळून, "बुधवारी मी येतो. आधी मी बोलणार, मग तू. माझा परवाना मी स्वतः टेबलावर ठेवीन. त्यांनी मागून घेतल्यासारखं नको."

"या," दारिंका म्हणाली.

"आणि ती जुनी उचल."

"कशाला?"

"उचल म्हणतो ना."

तिने सातची रायफल उचलली, बोल्ट उघडून आत रिकामी असल्याची खात्री केली आणि बापाकडे पाहिलं. त्याने हाताने खूण केली. तिने ती खांद्याला लावली. विन्को उठून जवळ आला. डोळ्यांनी नाही, हातांनी बघितलं त्याने: दस्ता खांद्याच्या खळीत कुठे बसलाय, गाल लाकडावर कुठे टेकलाय, बोट खटक्यापर्यंत सरळ पोचतंय का. तिचं कोपर दोन बोटं खाली ओढलं. सोळा वर्षांची असताना ओढायचा, तसंच.

"काय दिसतंय?"

"खिडकीतून शेजाऱ्यांची गवत वाळत घालायची माची. वरच्या दांडीवर एक कावळा."

"स्वच्छ?"

"चोच दिसतेय."

"दोन वर्षं ही तुझ्याच डोळ्यावर लावलेली आहे," विन्को म्हणाला. "मग ती तुझीच झाली. मी उगीच घेऊन फिरत होतो."

"परवाना गेला तर?"

"तर कपाटात राहील. तेल घालत जा. वर्ष काय, जातं."

तिने रायफल खाली घेतली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. आता मात्र तिला रडू आलं, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

बोरुतने टेबलावरचा कागद उचलला. "याचं काय करू?"

"दे इकडे," पाव्ला म्हणाली. तिने तो घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला. "आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे तू नेणार आहेस याला. तारीख मी कळवते. रायफलचं राहू दे, हे दे त्याला पंचाहत्तरीला."

"नेतो," बोरुत म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "रात्री आमच्याकडे राहायचं मग. बसने नाही यायचं."

पोतीत्सा कापली गेली, खाल्ली गेली. पाव्लाने विन्कोचा पेला भरला आणि या वेळी बाटली ठेवताना त्याचा हात धरून पेल्यापर्यंत नेला, सगळ्यांसमोर. त्याने नेऊ दिला.

उजेड उतरायच्या आत राफ्को निघाला. नऊ-तीन पिशवीत घातली, कोट चढवला, टोपी घातली, आणि दाराशी घुटमळला. काहीतरी राहिल्यासारखं. मग काही न बोलताच त्याने कडीला हात घातला.

"म्हण की," विन्को म्हणाला. "पन्नास वर्षं म्हणतोयस. आज काय झालं?"

राफ्कोने टोपी काढली. "भली नजर, विन्को," तो कसाबसा म्हणाला.

"माझं झालं," विन्को म्हणाला आणि दारिंकाकडे बोट केलं. "हिला म्हण."